दाराला जबाबदार कोण?

३ मार्च, संध्याकाळ

जहाज सुटलं. रोजनिशी पुन्हा सुरू. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो तेव्हा रोज लिहायचो. रिटायर झाल्यावर लिहिण्यासारखं काही घडेना. मी दिवसभर घरी, मग घरात अपघात होणार कसा? हे लिखाण कोणाला दाखवण्यासाठी नाही. उगाच कोणी वाचून स्वतःला कमी लेखायला नको.

सहल मुलीने आणि जावयाने दिली. मी नको म्हणत होतो, पण ही कधी नव्हे ती हट्टाला पेटली. त्याचं कारण आठ तारीख. त्या दिवशी जहाज हिच्या ताईच्या गावी थांबतं. ताई लग्न होऊन तिकडे गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. आता गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास झेपत नाही. दोघी बहिणींची गाठ पडून एक जमाना झाला. हिच्या दृष्टीने सहल म्हणजे आठ तारीख, बाकीचा समुद्र नुसता वाटेतला. ताईंसाठी स्वेटर विणते आहे. एक बाही राहिली आहे. तोपर्यंत होईल म्हणते.

केबिन बरी आहे. जरा आटोपशीर. बाथरूममध्ये साबण पडला तर उचलायला बाहेर यावं लागतं. केबिनचं दार लोखंडी, जाडजूड, सोडलं की आपोआप बंद होतं. समोर बाल्कनी. तिचंही दार तसलंच. दोन्ही बंद झाली की हवा थांबते. मला बंद जागेची भीती वगैरे मुळीच नाही. फक्त घाम येतो आणि ओरडावंसं वाटतं. हे हवेमुळे.

संकल्प: लिफ्ट वापरायची नाही. रोज डेकवर तासभर चालायचं. कोणाच्याही कामात नाक खुपसायचं नाही. (तिसरा हिने करायला लावला. तिची समजूत म्हणून केला.)

४ मार्च, सकाळी लवकर

झोप नाही. भिंती जवळ येतात असं वाटत होतं. जहाजाच्या कंपनाने वाटत असणार.

उपाय सापडला. आपल्या घरी पुढचं दार आयुष्यभर चपलेवर उघडं राहिलं आहे. चप्पल आडवी सारली की दार फटीपुरतं उघडं, वारा आरपार, शेजाऱ्यांशी बोलणंही सुरू. तेच इथे केलं. केबिनच्या दारात माझी चप्पल, समोर बाल्कनी किलकिली. काय वारा आला! पडदे आडवे झाले. एवढी मोठी कंपनी, पण एका चपलेची अक्कल नाही.

४ मार्च, सकाळी उशिरा

केबिन आवरणारा पोरगेलासा गडी दोनदा चप्पल काढून दार लावून गेला. साहेब, हे आगीचं दार आहे, उघडं ठेवायचं नसतं, म्हणाला. मी त्याला बसवून घेतलं आणि आगीची दारं म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. ऐकून घेतलं बिचाऱ्याने. जाताना चप्पल काढून गेला.

बाल्कनीच्या दारावर काहीतरी सूचना चिकटवली आहे. माझा टॉवेल वाळायला तिथेच बरा, वारा थेट मिळतो.

४ मार्च, दुपार

अपघात. दार. ही जखमी. सविस्तर नंतर. आधी जागेचा पंचनामा.

४ मार्च, संध्याकाळ

आता शांतपणे लिहितो.

जेवायला निघालो होतो. ही पुढे. उंबरठ्यात उभी राहून, दाराच्या चौकटीला उजव्या हाताने धरून सँडलचा पट्टा लावत होती. मी मागे. माझ्या लक्षात आलं, चप्पल वाटेत आहे. अडखळून पडण्याचा धोका. असे किती अपघात मी कारखान्यात टाळले असतील! चप्पल उचलली. तेवढ्यात वाटलं, जेवून येईपर्यंत खोली हवेशीर व्हावी, म्हणून बाल्कनीचं दार सताड उघडलं. पुढच्या क्षणी मागे धाडकन आवाज.

उजव्या हाताची दोन बोटं. मधलं आणि त्याच्या शेजारचं. ही ओरडली नाही. नुसती खाली बसली.

तर, चप्पल मी उचलली ती सुरक्षेसाठी. बाल्कनी उघडली ती आरोग्यासाठी. दोन्ही बाबतींत माझं वागणं नियमाला धरून. म्हणजे दोष दारात. हे सिद्ध केल्याशिवाय मी या जहाजावरून उतरणार नाही.

५ मार्च

जहाजाच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. मधल्या बोटाचं हाड मोडलं आहे, दुसऱ्याचं नख जाणार. पट्टी बांधून बोटं ताठ केली आहेत, हात वर धरून ठेवायचा. दार किती वजनाचं असेल, असं मी त्यांना विचारलं. माहीत नाही म्हणाल्या. ज्या दाराने पेशंट येतात त्याचं वजन डॉक्टरला माहीत नाही! हे टिपून ठेवलं आहे.

तक्रार दिली. जबाबदार कोण, यावर सकाळभर विचार केला. दार बनवणारा तर आहेच. दार बसवणारा. दार हळू बंद व्हावं म्हणून वर जो दांडा असतो त्याची देखभाल करणारा. कप्तानही सुटत नाही, कारण नेमकं त्याच वेळी त्याने जहाज वळवलं असणार, नाहीतर एवढा वारा आला कुठून? आवरणारा गडीसुद्धा. त्याने दोनदा चप्पल काढली, तिसऱ्यांदा तोच वेळेवर आला असता तर मला काढावी लागली नसती. ही साखळी कुठेही तुटू देणार नाही.

ही गप्प आहे. धक्का बसला असणार. ब्लाउजची बटणं लावायला या म्हणत होती. मी तक्रारीचा तिसरा मुद्दा लिहीत होतो, थांब म्हणालो. मान वर केली तेव्हा ती शेजारच्या केबिनमध्ये गेली होती. तिथे एक रिटायर शिक्षिका एकट्या राहतात. कायम मोठी टोपी घालतात, म्हणून मी त्यांना टोपीवाल्या बाई म्हणतो. त्यांनी बटणं लावून दिली, वेणीही घातली. हिच्या ओळखी पटकन होतात. बरं आहे, तिचाही वेळ जातो.

विणकाम बंद. बिनबाह्यांचेही स्वेटर असतात, असं म्हणून मी तिला धीर दिला. एक बाही झालेली आहे, म्हणाली. मग म्हटलं, तीही उसवून टाक. त्यावर तिने स्वेटर पिशवीत ठेवून दिला. म्हणजे पटलं.

६ मार्च, सकाळ

यश! तक्रारीची दखल घेतली. सुरक्षा अधिकारी स्वतः आले. उंच, शांत, मिशी बारीक. मी माझी ओळख सांगितली. व्यवसायबंधू म्हटल्यावर माणूस जरा खुलेल असं वाटलं होतं, पण ड्युटीवर असल्यामुळे आवरत असतील.

रीतसर चौकशी होणार. मी म्हणालो, घटनास्थळ जसंच्या तसं राखलं पाहिजे, हा पहिला नियम. त्यांना एकदम पटलं. बाल्कनीचं दार कुलूप लावून सील केलं. केबिनच्या दाराला काहीही टेकवायचं नाही, असं चपलेचं नाव घेऊन सांगितलं.

६ मार्च, दुपार

बाल्कनी बंद. केबिनचं दार बंद. काचेतून समुद्र दिसतो, पण समुद्र दिसून काय करायचंय?

नाकाने श्वास, तोंडाने उच्छ्वास. जमतंय.

६ मार्च, थोड्या वेळाने

जमत नाही. ऑफिसात जाऊन दुसरी केबिन मागितली. एकच रिकामी आहे म्हणाले. आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. तत्त्वासाठी नाकारली.

सील काढा असंही सुचवून पाहिलं. तुमच्याच अर्जावरून लावलंय, अर्ज मागे घेता का, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडून अर्ज मागे घ्यायची अपेक्षा! सहा महिने मॅनेजमेंटशी भांडून कँटीनची पायरी बदलून घेतलेला माणूस आहे मी. घाम पुसला आणि नाही म्हणालो.

६ मार्च, संध्याकाळ

दिवसभर कॉरिडॉरमध्ये. प्रत्येक केबिनच्या दारापाशी टिश्यूपेपर धरून वारा किती ओढतो ते पाहिलं. बावीस नंबरचं दार अचानक उघडलं, आत एक गृहस्थ टॉवेलवर. गैरसमज झाला, मिटवला. लोक आता मला दारवाले काका म्हणतात. लहान मुलं तर मला पाहून दारं आपटून दाखवतात. जागरूकता वाढते आहे.

जेवताना हिला चमच्याने खाता येईना, डावा हात वळत नाही. टोपीवाल्या बाईंनी सगळं बारीक करून दिलं. मी त्यांना वाऱ्याचे आकडे सांगत होतो. लक्षपूर्वक ऐकत असाव्यात, कारण एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

७ मार्च, सकाळ

सुनावणी ठरली. उद्या बंदरावरून दारांचा तज्ज्ञ जहाजावर येणार. त्याला उद्याचीच सवड. सकाळी दार तपासेल, मग माझा जबाब, मग कॉरिडॉरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवणार. कॅमेरा आहे हे माहीतच नव्हतं! आता खेळ खलास. यंत्र खोटं बोलत नाही.

हिला सांगितलं की उद्या तुलाही थांबावं लागेल. उद्या आठ तारीख आहे, म्हणाली. म्हटलं, माहीत आहे, पण मुख्य पुरावा तुझी बोटं आहेत. पुरावाच गावात फिरायला गेला तर चौकशी कशाची करायची? ताई कुठे पळून जात नाहीत.

ताई सत्तरीच्या पुढे आहेत, एवढंच म्हणाली. मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ चालू होता. मी बाहेरून सांगितलं की आतून कडी लावू नकोस, त्या दारावरही माझा विश्वास नाही.

७ मार्च, दुपार

मुलीचा फोन. आईला दे म्हणाली. ही झोपली आहे म्हटलं. (डेकवर होती. पण मला चौकशीच्या तयारीत मुलीचा सल्ला हवा होता.) सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, बाबा, चप्पल कोणी काढली? हल्लीच्या मुलांना एकाच मुद्द्यावर अडकून बसायची सवय. मग म्हणाली, आईला उद्या मावशीकडे जाऊ द्या, तिने ही सहल त्याच्यासाठीच मागून घेतली होती. माझ्याकडे मागितली होती, बाबा, तुमच्याकडे नाही.

याचा चौकशीशी काय संबंध ते कळलं नाही. आवाज तुटत होता.

ठरवलं: उद्या जबाब लवकर उरकायचा आणि दुपारच्या जेवणाला हिला घेऊन ताईंकडे जायचं. दोन्ही साधेल. मी असल्या बाबतींत लवचीक आहे.

८ मार्च, सकाळ

ही गेली.

मी दाढी करत होतो. टोपीवाल्या बाई आल्या, दोघी निघाल्या. मी फेसातून विचारलं, चौकशीचं काय? ती म्हणाली, तुम्ही आहात ना. बरोबर एवढी मोठी बॅग कशाला, विचारलं. स्वेटर आहे, म्हणाली. मुख्य पुरावाच घेऊन जाते म्हणजे काय! पण आता नाटक नको म्हणून सोडून दिलं. कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीतून खाली पाहिलं. दोघी शिडी उतरत होत्या. टोपीवाल्या बाईंनी बॅग धरली होती. ही हात वर धरून चालत होती, शाळेत उत्तर येतंय म्हणून धरतात तसा.

दुपारी जहाज सुटायच्या आत गाठीनच त्यांना. बंदरापासून ताईंचं घर जवळ आहे.

८ मार्च, दुपार

चौकशी झाली.

तज्ज्ञाने दार तपासलं. तरुण माणूस, दार उघडतो, सोडतो, उघडतो, सोडतो. दार उत्तम आहे म्हणाला. बाल्कनी बंद असताना हळू मिटतं, बाल्कनी सताड उघडली की वारा ढकलतो, मग कोणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणूनच सूचना लावलेली आहे. कुठे आहे सूचना, मी विचारलं. त्याने माझा टॉवेल उचलला.

टॉवेल टांगायला पुरेसे हुक दिले नाहीत, हा मुद्दा मी नोंदवला.

मग चित्रण. अधिकाऱ्यांच्या ऑफिसात, छोट्या पडद्यावर. खिडकी नाही त्या खोलीला. आम्ही तिघं आणि बंद दार. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

चित्रणात ही चौकटीला हात लावून उभी आहे. मी वाकून चप्पल उचलतो. आत जातो. पडदा कॉरिडॉरमध्ये उडून येतो आणि दार आपटतं. ही खाली बसते, हात पोटाशी धरून. माझ्या आठवणीत मी लगेच धावलो होतो. चित्रणातही मी लगेच बाहेर येतो. तिच्या बाजूने पलीकडे जातो आणि दाराची बिजागरी बघायला लागतो.

दार उघडतो, लावतो. वीत टाकून मोजतो. ही भिंतीला डोकं टेकून बसली आहे. आवरणारा गडी बर्फ घेऊन धावत येतो, तिच्या शेजारी मांडी घालतो, हात हातात घेतो. मी त्याला बाजूला सरकायला सांगतो, कारण तो बिजागरीच्या उजेडात आला आहे.

एवढा वेळ मी मोजत होतो असं मला वाटलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावायला लागले तेव्हा पुरे म्हणालो. तुम्ही आधी दार बघितलंत का, असं त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. मी म्हणालो, आधी घटनास्थळ राखायचं असतं. तज्ज्ञ खिडकीबाहेर पाहायला वळला, पण खिडकी नव्हती.

निष्कर्ष: जबाबदारी प्रवाशाची. सही केली. निषेध नोंदवून.

मग ताईंकडे निघणारच होतो. पण निषेध सविस्तर लिहून द्यायला हवा होता. चार पानं झाली. शिडीपाशी पोचलो तर आता बाहेर सोडत नाही म्हणाले, लोक परत यायची वेळ झाली.

हरकत नाही. ती येईलच. आल्यावर सांगेन की चित्रणाचा कोन चुकीचा होता.

८ मार्च, संध्याकाळ

टोपीवाल्या बाई एकट्या आल्या.

ही ताईंकडे राहिली. तिकडच्या हॉस्पिटलात हात दाखवला, बोट पुन्हा बसवावं लागणार आहे. मुलगी विमानाने येऊन तिला घेऊन जाणार. हिने जहाजाच्या ऑफिसात काल दुपारीच कळवून ठेवलं होतं म्हणे. म्हणजे मी मुलीशी फोनवर बोलत होतो तेव्हाच.

मी विचारलं, रागावली आहे का? बाई म्हणाल्या, नाही हो. ताईंना पाहिल्यावर दारातच दोघी रडल्या, मग हसत सुटल्या. तुमच्या बीपीच्या गोळ्या तुमच्याच बॅगेच्या डाव्या कप्प्यात आहेत, असा निरोप दिलाय. आणि तुम्हाला एक विचारू का, असं बाई म्हणाल्या. विचारा म्हटलं. तिला दुखतंय का, असं तुम्ही एकदा तरी विचारलंत का? या चार दिवसांत?

मी म्हणालो, अर्थातच. मग म्हणालो, ते दिसतच होतं, विचारायचं काय. बाईंनी टोपी काढली. केस पांढरेशुभ्र आहेत त्यांचे. केबिनमध्ये गेल्या आणि दार सावकाश, हाताने धरून लावलं. जरासुद्धा आवाज झाला नाही.

९ मार्च, सकाळ

सील काढून गेले. चौकशी संपली म्हणे, आता बाल्कनी खुशाल उघडा. उघडली. वारा भरपूर आहे. हिचा पलंग सरळ अंथरलेला आहे, त्यावर चादर उडते आणि परत बसते. बाल्कनी लावून घेतली. घाम आला तर आला.

अजून तीन दिवस समुद्र. उतरायला जागा नाही.

९ मार्च, दुपार

ठरवलं. फोन करायचा आणि विचारायचं. सरळ विचारायचं, दुखतंय का गं? दाराचा विषय काढायचा नाही. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. नुसतं ‘दुखतंय का’ म्हटलं तर इन्स्पेक्शनला आल्यासारखं वाटतं. ‘गं’ हवाच.

ऑफिसातून फोन लावला. मागे रांग होती. ताईंनी उचलला. आवाज हिच्यासारखाच, मी आधी फसलोच. दुखतंय का गं, असं म्हणूनही टाकलं. ताई म्हणाल्या, अहो मी आहे, गुडघे ना, दुखतात की. आणि हसल्या.

तिला द्या म्हटलं. झोपली आहे, म्हणाल्या. रात्रभर गाढ झोपली, उठून चहा घेतला, पुन्हा झोपली. म्हणे जहाजावर चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता, हात ठणकायचा. उठवू का?

नको म्हणालो.

काही निरोप आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, जागी झाली की सांगा, मी विचारत होतो. काय विचारत होतात म्हणून सांगू, ताई म्हणाल्या. मागची माणसं ऐकत होती. फोनवाली मुलगी घड्याळ बघत होती. तोंडाशी आलं होतं, खरंच आलं होतं.

दार व्यवस्थित आहे म्हणून सांगा, म्हणालो.